नावाखालचा नंबर

उत्तमदादा, शेवटी तुम्हालाही नंबर मिळाला.

अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारे ते उंच, बारीक गृहस्थ शैलावहिनींना सगळं समजावून सांगत होते आणि मी दुभाष्या म्हणून शेजारी बसलो होतो. वहिनींचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण त्या दिवशी त्यांना ती भाषा तोंडात नको होती. ते म्हणाले, पेटीबरोबर एक छोटा गोल दगड ठेवतात, त्याच्यावर नंबर कोरलेला असतो, तो आगीत जळत नाही. कोणाची राख कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून ही काळजी. त्यांच्या मते ही दिलासा देणारी गोष्ट होती. मी भाषांतर करता करता अडखळलो. वहिनी म्हणाल्या, "सांगा भाऊजी. मला कळलंय, पण तुम्ही सांगा." मी सांगितलं. मग त्यांनी स्वतःच त्या गृहस्थांना विचारलं, की नाव नाही का लिहीत. नाव कलशाच्या झाकणावर असतं, असं ते म्हणाले.

तुम्ही असतात तर एवढ्यावर सोडलं नसतंत. दगडावर नावाला जागा नाही का, आणि नसेल तर दगड मोठा का घेत नाही, असं त्या बिचाऱ्याला अर्धा तास विचारत बसला असतात. मी टेबलाखालून तुमची बाही ओढली असती. बाहेर आल्यावर आपलं भांडण झालं असतं आणि ते आपल्या जुन्या भांडणाला जाऊन मिळालं असतं, जे आपण कधीच संपवलं नाही.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. मी काही लिहिणारा माणूस नाही. माझं लिहिणं म्हणजे ईमेल आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपा. पण एक गोष्ट मी तुमच्या पाठीमागे केली, चार वर्षं करत राहिलो, आणि तुम्हाला सांगितली नाही. ती कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून बसलोय.

आपली ओळखही नंबरावरूनच झाली होती. मी स्टुटगार्टला येऊन वर्ष झालं होतं, पहिल्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरीचं सुरू व्हायचं होतं, व्हिसाचे तीन आठवडे उरले होते. आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कचेरीत, सकाळपासून हातात नंबराची चिठ्ठी घेऊन बसलो होतो. दोन मिनिटं शौचालयात गेलो आणि तेवढ्यात माझा नंबर पाटीवर येऊन गेला. पुन्हा चिठ्ठी काढायला मशीन बंद. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर रडायच्या बेतात होतो. तुम्ही कुठल्यातरी विद्यार्थिनीच्या कागदांसाठी आला होतात. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलंत, माझं नाव विचारलंत, सरळ दारावर टकटक केलंत आणि तुमच्या त्या संथ, शुद्ध जर्मनमध्ये आतल्या बाईंना म्हणालात, "यांचं नाव मंदार आहे, आणि ते शौचालयात होते." बाईंनी मला आत घेतलं. त्यानंतर तुम्ही मला दादा झालात. तुम्ही सव्वीस वर्षं इथल्या संस्थेत धातूंवर काम केलेले मोठे संशोधक आहात, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

पत्रांच्या मंडळात मला ओढलंत तेही तुम्हीच. महिन्यातून एकदा, गुरुवारी, चर्चच्या खालच्या हॉलमध्ये आठदहा म्हातारी माणसं जमत. फ्राऊ बाउअर नावाच्या निवृत्त शिक्षिका घरून केक करून आणत आणि सगळे मिळून परदेशांत कैदेत असलेल्या अनोळखी माणसांना पत्रं लिहीत. तुमच्या वाट्याला आला यसोदरन. श्रीलंकेचा तमिळ, तेव्हा एकतीस वर्षांचा, सायकली दुरुस्त करणारा. होडीतून एका श्रीमंत देशाच्या किनाऱ्याकडे निघाला होता. त्या देशाने होडीतल्या सगळ्यांना उचलून महासागरातल्या एका दूरच्या बेटावर नेऊन ठेवलं होतं, तंबूंमध्ये, कुंपणाच्या आत. गुन्हा काही नव्हता, त्यामुळे शिक्षेची मुदतही नव्हती. तुम्ही नकाशात ते बेट शोधायला गेलात तर तिथे नुसता ठिपका होता आणि बेटाचं नाव बाजूच्या समुद्रात छापलेलं होतं.

यादीत यसोदरनच्या नावासमोर तीन अक्षरं आणि तीन आकडे होते. अक्षरं त्याच्या होडीची, आकडे होडीतल्या त्याच्या क्रमांकाचे. फ्राऊ बाउअरनी सांगितलं होतं की तिथे माणसांना नंबराने ओळखतात, पाकिटावर नंबर टाका. तुम्ही पहिल्या पाकिटावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलंत, मिस्टर यसोदरन, खाली बेटाचा पत्ता. नंबर नाही. मला वाटलं विसरलात.

तुम्ही विसरला नव्हतात. महिन्याला एक, अशी आठ महिने आठ पत्रं गेली आणि एकाचंही उत्तर आलं नाही. मग एके दिवशी आठही पाकिटं एकदम परत आली, रबरबँड लावून, एकही न उघडलेलं. प्रत्येकावर शिक्का होता, या नावाचा माणूस येथे नाही. तुम्ही ती बैठकीच्या खोलीत टेबलावर ओळीने मांडून ठेवली होतीत आणि त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतात. चहा कधीच गार झाला होता.

मी त्या दिवशी तुमच्यावर चिडलो. दादा, आता पुरे, नंबर लिहा, म्हणालो. आमच्या कारखान्यात एखाद्या भागावर पार्ट नंबर नसला तर तो कितीही चांगला असो, लाइनवर जात नाही, गोदामात पडून राहतो. तिथेही तसंच चालत असणार. तुम्ही म्हणालात, माणूस म्हणजे पार्ट नाही. मी म्हणालो, ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, पण पत्र वाटणाऱ्या गार्डला माहीत नाही, आणि पत्र त्याच्या हातात आहे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी तुम्हाला टोचून बोललो, की आउसलेंडरबेहोर्डमध्ये तर निमूटपणे नंबर घेऊन बसता.

"तो नंबर संध्याकाळी कचऱ्यात जातो," तुम्ही म्हणालात. "माणूस घरी जातो."

आणि मग वडिलांची गोष्ट सांगितलीत. इतक्या वर्षांत एकदाच सांगितलीत. वडील मनमाड स्टेशनवर हमाल होते. दंडावर पितळेचा बिल्ला, त्यावर अठ्ठेचाळीस. गाडी थांबली की खिडक्यांतून हाका यायच्या त्या अठ्ठेचाळीसला. हळूहळू स्टेशनबाहेरही तेच नाव झालं. वाणी म्हणे, चहावाला म्हणे. तुम्ही पाचवीत गेलात तेव्हा पहिल्या दिवशी मास्तरांनी तुमचं नाव वाचलं, तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू अठ्ठेचाळीसचा ना? वर्ग हसला. वडील घरी आले की जेवायला बसायच्या आधी बिल्ला काढून खुंटीला लावायचे. तो अंगावर असताना त्यांनी कधी घास खाल्ला नाही, असं तुम्ही म्हणालात. "माझ्या हाताने मी दुसऱ्या कोणाच्या दंडावर तो बांधणार नाही, मंदार."

माझं आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदललेला मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. मला माझं नाव फुकट मिळालं आणि फुकट वापरता आलं. मी घरी जायला निघालो तेव्हा मला तुमचं म्हणणं पटलं होतं. आणि तरी जिना उतरताना डोक्यात एवढंच येत होतं, की तो माणूस तिकडे बसलाय आणि त्याला वाटतंय आपल्याला कोणी लिहीत नाही.

तर आता सांगतो. नववं पत्र तुम्ही माझ्याकडे दिलंत. पोस्टाचा काउंटर तुमच्या टेकडीच्या पायथ्याशी, त्या लॉटरीच्या तिकिटांच्या दुकानात. माझा एस-बान लोकलच्या स्टेशनचा रस्ता तिथूनच. गुडघे दुखतात, पायऱ्या उतरवत नाहीत, जाता जाता टाकशील का, म्हणालात. दुकानात उंच टेबलावर मी पाकीट ठेवलं, खिशातलं पेन काढलं, आणि तुमच्या टपोऱ्या 'मिस्टर यसोदरन'खाली ती तीन अक्षरं आणि तीन आकडे लिहिले. पुण्यात पॉलिटेक्निकला असताना ड्रॉइंगच्या सरांनी पट्टीने बोटांवर मारून शिकवलेले आकडे, एका उंचीचे, एका कलाचे. वाईट काम मी फार नीटनेटकं केलं.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. तुम्ही मला ऑफिसात फोन केलात, जो तुम्ही कधी करत नसत. मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये आलो. "पोचलं बघ," तुम्ही म्हणालात. "नावावर पोचलं." मी म्हणालो, वा, दादा. आणखी काय म्हणणार? त्या वेळी सांगायला हवं होतं. पण तुमचा आवाज इतका तरुण झाला होता की माझी जीभ रेटेना. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा पाकीट हातात दिलंत आणि मी पुन्हा नंबर लिहिला. त्यानंतर सांगायची वेळ येते कुठे?

तुम्ही गुरुवारच्या मंडळात ही विजयाची बातमी सांगितलीत, तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. दोनतीन म्हाताऱ्या बायका म्हणायला लागल्या, मग आपणही नंबर टाकणं बंद करूया. मी घरी येऊन गुपचूप फ्राऊ बाउअरना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "बरं तर, बाकीच्यांना मी सांभाळते. मिस्टर उत्तमना हे कळायची गरज नाही." म्हणजे कटात आता मी आणि एक ऐंशी वर्षांची शिक्षिका. त्यानंतर दर गुरुवारी त्या मला केकचा मोठा तुकडा वाढायच्या आणि मला तो गोड लागायचा नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या पत्रांनी तुम्हाला काय काय दिलं आणि तुमच्याकडून काय घेतलं, ते मी जवळून पाहिलं. दुसऱ्याच उत्तरात तो प्रसंग आला. तुम्ही सवयीने शेवटी लिहिलं होतंत, नमो बुद्धाय, आणि खाली सही. आपल्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही की हे आपण कोणाला लिहितोय. यसोदरनने सरळ विचारलं, तुम्ही बौद्ध आहात का? माझ्या भावाला घरातून घेऊन गेले त्या शिपायांच्या मनगटावर भिक्खूंनी बांधलेला दोरा होता. तुम्ही त्यांच्यातले का?

वहिनींनी मला बोलावून घेतलं. तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात. टेबलावर खोडलेले कागद पडले होते. एवढी व्याख्यानं देणारा माणूस, दरवर्षी इथल्या मुलांना धम्म समजावून सांगणारा, चार ओळी जमेनात म्हणून डोकं धरून बसला होता. मी म्हणालो, इतिहास लिहा, आपलं वेगळं आहे ते समजावून सांगा. तुम्ही म्हणालात, त्याचा भाऊ गेलाय, त्याला मी इतिहास शिकवू? शेवटी जे पाठवलंत ते मला पाठ आहे. तुम्ही लिहिलंत की आमच्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते म्हणून आम्ही या धर्मात आलो. तुमच्याकडे याच धर्माच्या लोकांनी तुम्हाला विहिरीपासून हाकललं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. यापुढे मी पत्राखाली फक्त माझं नाव लिहीन.

तुम्ही तसंच लिहीत राहिलात. पाचसहा महिन्यांनी यसोदरननेच लिहिलं, की तुमची ती ओळ परत लिहा, तुमची ती वेगळी आहे हे मला आता कळलंय. ते पत्र तुम्ही मला वाचायला दिलंत आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिलात. मी त्या दिवशी मनात म्हणालो, की माझे ते तीन आकडे गेले खड्ड्यात, पाप लागायचं तर लागू दे, हे घडलं ना? तेव्हापासून माझी लाज थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही.

चार वर्षांनी तो सुटला. कॅनडातल्या काही लोकांनी त्याची जबाबदारी घेतली आणि तो तिकडे गेला. एका सायकलच्या दुकानात लागला. तुम्ही वहिनींना सांगून पुरणपोळ्या करायला लावल्यात. त्यानंतर त्याचे आणि तुमचे फोन चालू झाले, पाकिटं बंद झाली, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. प्रकरण मिटलं असं धरून चाललो.

मग तुमची फुप्फुसं. हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या दहा दिवसांत मी संध्याकाळी कामावरून येऊन बसायचो. तुमचं बोलणं कमी झालं होतं, पण डोकं ताळ्यावर होतं. एकदा वहिनी खाली कॉफी घ्यायला गेल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी ठरवून आलो होतो की आज सांगायचंच. म्हणालो, दादा, एक बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, "मलाही." मी म्हणालो, तुम्ही आधी. तुम्ही म्हणालात, तू आधी. आणि आपण दोघं हसलो, तुम्हाला ठसका लागला, नर्स आली, तिने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर मास्क होता. मी तुमचा हात धरून बसलो आणि काही बोललो नाही. उत्तर देता न येणाऱ्या माणसाला कबुली देणं मला बरं वाटेना. तुम्ही त्या गोष्टीवाचून गेलात. तुमच्या लेखी पत्रं नावावर पोचली. मला माफी मागायला कोणी राहिलं नाही.

इथवर रविवारी लिहून ठेवलं होतं. आणखी काही लिहायचं उरलं आहे असं मला वाटत नव्हतं.

काल दुपारी यसोदरनचा फोन आला. तुमची बातमी वहिनींनी त्याला त्याच दिवशी कळवली होती आणि माझा नंबर त्याने त्यांच्याकडूनच घेतला. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो. मी इंग्रजीत दुःखाचं जे काही बोलायचं असतं ते जुळवत होतो, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "सुंदर आकडे काढणारे तुम्हीच ना?"

मी म्हणालो, हो, मीच.

तो म्हणाला, हातात आलेल्या पहिल्याच पाकिटावर दोन माणसांचे हात दिसले. नाव एकाने लिहिलेलं, नंबर दुसऱ्याने. त्याला वाटलं, नंबर पत्र लिहिणाऱ्याच्या बायकोने टाकला असेल. खरं काय ते त्याला तुमच्याकडून कळलं, दोन वर्षांनी. मध्यंतरी त्याला तापासाठी दुसऱ्या ठिकाणी हलवलं होतं आणि एक पत्र परत आलं होतं, तुमच्या घरच्या पत्त्यावर. मला ते माहीतच नव्हतं, दादा. तुम्ही ते पाकीट हातात घेतलंत, माझे आकडे पाहिलेत, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. पुढच्या पत्रात तुम्ही त्याला जे लिहिलंत ते त्याने काढून मला वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं, म्हणून इथे उतरवता येतंय.

"माझा मित्र पाकिटावर तुमचा नंबर लिहितो, हे मला आज कळलं. पहिले आठ महिने मी माझ्या वडिलांचा विचार करत होतो, तुमचा करायला हवा होता. ती चूक माझी आहे. तरीही माझ्या हातून तो नंबर लिहिला जात नाही, आणि लिहिला नाही तर पत्र तुमच्यापर्यंत येत नाही. म्हणून मी पाकीट यापुढेही त्याच्याकडेच देणार आहे आणि मला काही माहीत नाही असंच दाखवणार आहे. आमच्या दोघांतली लाज तो एकटा वाहतोय. त्याला हे कसं सांगावं ते मला समजत नाही."

दोन वर्षं, दादा. दोन वर्षं तुम्ही दर महिन्याला माझ्या हातात पाकीट दिलंत, गुडघ्यावर हात ठेवून कण्हलात, आणि शनिवारी तेच गुडघे घेऊन टेकडीवरच्या तुमच्या बागेत वांगी लावायला गेलात. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी जे तुमच्या पाठीमागे करतोय असं समजत होतो ते निदान अर्धा काळ तुमच्याच सांगण्यावरून करत होतो. सांगायचं तेवढं तुम्ही राहू दिलंत. मला राग आला. फोनवरच आला. तुम्ही समोर असतात तर तुम्हाला चांगलं सुनावलं असतं. मग रडू आलं, आणि तिकडे तो थांबून राहिला. घाई करायची नाही हे त्याला चांगलं येतं.

मी त्याला शेवटी विचारलं, जे मला कधीपासून विचारायचं होतं. नंबर लिहिल्याचं त्याला वाईट वाटलं होतं का? तो म्हणाला, ते आठ महिने त्याने जेवण आणायला जाणं सोडलं होतं, कोणी आणून दिलं तर खायचा, तंबूत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. त्या दिवशी गार्डने त्याचा नंबर पुकारला म्हणून तो उठला. शिक्षा असेल असं वाटलं होतं. नाव पुकारलं असतं तर उठलो नसतो, म्हणाला, तिथे नावाला ओ द्यायची सवयच गेली होती. पत्र घेऊन आत आला, नंबर असलेला तेवढाच तुकडा ओल्या बोटाने भिजवून पाकिटावरून काढून टाकला, आणि नाव वाचत बसला. पुढची सगळी पाकिटं त्याने तशीच केली. तुमच्या अक्षराखाली सगळ्यांना एकएक भोक आहे. याच्यापुढे मी त्याला काही विचारलं नाही. आपल्या भांडणात बरोबर कोण होतं, ते मला अजूनही सांगता यायचं नाही.

आणि मग त्याने ती आठ पत्रं काढली. तुम्ही ती परत आलेली पाकिटं त्याला कॅनडाच्या पत्त्यावर पाठवून दिली होतीत, एका मोठ्या पाकिटात घालून, आणि तेही मला सांगितलं नव्हतंत. त्याने ती उघडलेली नाहीत. या नावाचा माणूस येथे नाही, असा शिक्का असलेली पत्रं घरात आहेत आणि आपणही घरात आहोत, हे बघायला त्याला आवडतं म्हणे. पण तुम्ही गेल्यापासून त्याला एक उघडावंसं वाटत होतं आणि एकट्याने उघडवत नव्हतं. तुम्ही फोन धरून थांबाल का, त्याने विचारलं.

मी थांबलो. कागद फाडल्याचा आवाज आला. तुमचं पहिलं पत्र लहान होतं. तुम्ही लिहिलं होतंत की तुमच्याविषयी मला फक्त तुमचं नाव माहीत आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून आधी बाळाच्या कानात सांगते आणि मग सगळ्यांना. तुमचं नाव कोणी ठेवलं?

पाच वर्षांहून जुना प्रश्न होता, आणि विचारणारा आता उत्तर ऐकायला नव्हता. मग त्याने मला सांगितलं, आणि तुम्हाला कळवायला सांगितलं.

नाव त्याच्या मामाने ठेवलं, दादा.